पाठीमागचं इंजिन

कसाऱ्याला गाडी थांबली की नवखा प्रवासी खिडकीतून बाहेर डोकावतो आणि रोजचा प्रवासी चहाचा कप घट्ट धरतो. थोड्याच वेळात मागून धक्का बसणार, हे त्याला ठाऊक असतं. धक्का फार मोठा नसतो, झोपलेल्याची मान जराशी हलेल एवढाच. तो डब्याडब्यांतून पुढे सरकत येतो, लांब कुठेतरी लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज होतो आणि पुन्हा सगळं शांत. माझ्या समोरच्या बाकावरच्या काकांनी डोळे न उघडताच सांगितलं, "लागला बँकर."

बँकर म्हणजे गाडीच्या शेपटाला लावलेलं इंजिन. कधी एक, बहुतेकदा दोन, जड गाडीला आणखीही. पुढचं इंजिन ओढतं, मागचं ढकलतं आणि अशी ओढत-ढकलत गाडी थळ घाट चढते. फलाटावरून कुणी त्याचे फोटो काढत नाही. गाडीचं नाव, नंबर, माळा, सगळं पुढच्या इंजिनाच्या वाट्याला येतं.

भाद्रपद लागला तेव्हा संपादकांचा फोन आला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'चढण'. आयुष्यातल्या, धंद्यातल्या चढणीवर लिहिणारे पुष्कळ मिळाले आहेत, तुम्ही खरीखुरी चढण बघून या, असं ते म्हणाले. खरीखुरी म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. आमचं आजोळ नाशिकचं. आईचे वडील इगतपुरीला पॉइंट्समन होते. घाट चढून आलेल्या गाडीचे बँकर सोडवणं, हे त्यांचं अनेक वर्षांचं काम. पितृपक्षातल्या दशमीला मामा रामकुंडावर त्यांचं श्राद्ध करतो. त्याच तिथीला पोचायचं ठरवलं आणि मुंबईहून सकाळी सव्वासहाची तपोवन एक्स्प्रेस पकडली.

नावं सगळी नाशिकची

या मार्गावरच्या गाड्यांची नावं मला फार आवडतात. पंचवटी, गोदावरी, तपोवन. मुंबईच्या माणसाने नाशिक पाहिलेलं नसलं तरी नाशिकच्या घाटावरची ठिकाणं इंडिकेटरवर वाचून त्याला पाठ झालेली असतात. १९७५ साली सुरू झालेली पंचवटी एक्स्प्रेस तर नाशिककरांच्या घरातलीच आहे. तिच्या वेळेवर घरातले डबे भरले जातात, मुलांचे अभ्यास घेतले जातात, लग्नाचे मुहूर्तसुद्धा तपासले जातात. पासधारकांनी तिचा एक डबा 'आदर्श कोच' म्हणून वर्षानुवर्षं नेटका ठेवला, आणि गोदावरी एक्स्प्रेसमध्ये चाकरमान्यांचा गणपती बसायचा. रोज चार-पाच तास एकत्र काढणाऱ्या माणसांनी डब्याचं घर केलं.

कल्याण सुटलं की शहर लगेच संपत नाही. टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव अशी लोकलची स्टेशनं मागे पडत जातात आणि त्यांच्यामधली भातखाचरं रुंद होत जातात. आटगावच्या पुढे डोंगर जवळ येतात. रुळांच्या कडेला तेरडा गुलाबी झालेला, वरच्या उतारांवर सोनकीचा पिवळा थर. खर्डीपर्यंत गाडी आपल्या वेगात असते. या पट्ट्यात तानसा, भातसा आणि वैतरणेची धरणं आहेत, मुंबईच्या नळाला येणारं पाणी इथलंच. हे पाणी लक्षात ठेवायचं, कारण घाट चढल्यावर त्याची दिशाच बदलते.

कसारा मुंबईपासून १२१ किलोमीटर. लोकल इथे संपते. फलाटावर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, गावठी काकड्या, उकडलेली कणसं. त्यांतली एक खिडकीशी येऊन म्हणाली, "घे ना ताई, वर थंडी वाजंल, गरम हाय." मी दोन कणसं घेतली. वर खरंच थंडी वाजली.

सदतिसास एक

रेल्वेच्या भाषेत या घाटाचा चढ 'सदतिसास एक' आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. डोंगरातल्या पायवाटेने चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. मालमोटार तर तो हसत चढेल. पण रेल्वेचं चाक लोखंडाचं आणि रूळही लोखंडाचा. दोन्ही गुळगुळीत आणि एकमेकांना टेकतात ते नाण्याएवढ्या जागेत. सपाटीवर हीच खरी कमाई, थोड्या ताकदीत केवढं ओझं वाहून नेता येतं. चढावर मात्र तेच अंगाशी येतं. चाक जागच्या जागी फिरायला लागतं. पावसाने रूळ ओला झाला, वर पालापाचोळ्याचा चिखल बसला, की आणखी घसरतं. म्हणून इंजिनात वाळू भरलेली असते आणि गरज पडली की चाकापुढे रुळावर ती सोडतात. इतकं सगळं पुढे गेलेलं तंत्रज्ञान, आणि घाटात शेवटी मदतीला येते ती मूठभर कोरडी वाळू.

मग पुढेच दोन-तीन इंजिनं का लावत नाहीत? हा प्रश्न मी लहानपणी आजोबांना विचारला होता. त्यांनी माझ्या फ्रॉकचा पट्टा पुढून धरून ओढला आणि म्हणाले, "तुटेल का?" मग पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. "आता?" चढावर गाडीचं सगळं वजन मागे ओढत असतं. ते ओझं पुढच्याच इंजिनाने ओढायचं ठरवलं तर पहिल्या डब्यांमधल्या जोडण्यांवर सगळा ताण येतो. मागून रेटा दिला की ताण वाटला जातो. आणि समजा, एखादी जोडणी तुटलीच, तर मागचे डबे उताराने कसाऱ्याकडे सुटू नयेत म्हणून मागचं इंजिन त्यांना धरून ठेवतं. ढकलणं आणि सांभाळणं, दोन्ही कामं त्याचीच.

पुढचा ड्रायव्हर आणि मागचा ड्रायव्हर यांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. मधे सबंध गाडी, वळणं, बोगदे. पूर्वी सगळा संवाद शिट्ट्यांचा असे, आता वॉकीटॉकी आली. तरी कसाऱ्याहून सुटताना पुढून शिटी होते आणि मागून तिला ओ दिली जाते. तो आवाज ऐकायला मी मुद्दाम दारात उभी राहिले होते. पुढची शिटी लांबट, मागची डोंगराला आपटून दुहेरी झालेली. मग गाडी हलली, अगदी बेताने, जणू कुणी झोपलेल्या माणसासकट खाट उचलतंय.

घाटातले सोळा-एक किलोमीटर गाडी घाई करत नाही. बोगद्यात शिरते, काळोखात डब्यातली पोरं हमखास ओरडतात, बाहेर येते तो समोर दरी. पुढच्या बोगद्यानंतर दरी दुसऱ्या बाजूला गेलेली असते. धबधबे इतके, की पोरं मोजता मोजता कंटाळतात. एहेगावच्या उंच पुलाची गोष्ट आजोबा आवडीने सांगत. दरीच्या तळापासून १८२ फूट उंची. कसारा ते इगतपुरी गाडी जवळजवळ तीनशे मीटर वर येते, आणि हे आपल्याला कळतं, कारण कानात दडे बसतात आणि खिडकीतून येणारा वारा बदलतो.

या घाटात १९३० च्या आसपास वीज आली. तेव्हाची मालगाड्यांची इंजिनं तपकिरी, दोन्ही टोकांना लांब नाकं, मधे केबिन, आणि चाकांना जोडणारे दांडे. चालताना ते दांडे अशा तऱ्हेने हलत की घाटातल्या माणसांनी त्यांना नाव दिलं 'खेकडा'. इंग्रजीत त्याच घडणीच्या इंजिनाला मगर म्हणत. पावसाळ्यात ओढ्याकाठी राहणाऱ्या आपल्या माणसांना खेकडा दिसला, हे मला जास्त खरं वाटतं. त्यांतला एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

उतरताना वेगळीच काळजी. चढताना गाडी थांबेल ही भीती, उतरताना ती थांबणार नाही ही. इगतपुरीला ब्रेक नीट तपासल्याशिवाय गाडी घाटात सोडत नाहीत. शिवाय घाटात 'कॅच सायडिंग' ठेवलेल्या असतात, मुख्य लाईनीतून फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारा आणि तिथेच संपणारा फाटा. सांधा मुद्दाम त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी आपल्या ताब्यात आहे हे ड्रायव्हरने दाखवून दिलं, की मगच पुढची वाट मोकळी होते. सुटलेली गाडी असेल तर ती फाट्यात शिरते आणि चढावर दमून थांबते. विश्वास ठेवायचा, पण आधी पारखून, असा हा बंदोबस्त.

बर्कले आणि बाकीचे

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी सह्याद्री ओलांडायच्या दोन वाटा नक्की केल्या, पुण्याकडे बोरघाट, नाशिककडे थळ घाट. डोंगर एका दमात चढत नव्हता तिथे 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलं. गाडी एका फाट्यात जाऊन उभी राहायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढायची. पुढे नवे बोगदे खोदून ते टाळलं. थळ घाटातून १ जानेवारी १८६५ रोजी गाडी सुरू झाली. बर्कले त्याआधीच, १८६२ साली, वारले होते. दोन्ही घाटांतून धावलेली गाडी त्यांना बघायला मिळाली नाही.

पण बर्कले यांचं नाव तरी राहिलं. ज्यांनी हा डोंगर प्रत्यक्ष फोडला त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कुठे सापडलेलं नाही. बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास एका वेळी बेचाळीस हजारांहून अधिक माणसं होती. थळ घाटावरही हजारोंनी माणसं राबली. कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची, पेटवायचं आणि वर ओढून घेतलं जायची वाट बघायची. बायका डोक्यावरून दगडमाती वाहत. पावसाळ्यात काम बंद पडे. घाटात पटकीची साथ आली की एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत पसरत जाई. ओढ्याचं तेच पाणी प्यायला, तेच धुवायला. किती माणसं गेली याचे अंदाज आहेत, यादी नाही. ठेकेदारांची नावं आहेत, यंत्रांची आहेत, पुलांच्या कमानींची मापं आहेत. मजूर हजेरीपटावर असतील तेव्हाही 'अमुक मुकादमाची टोळी' एवढेच असतील.

मी हे लिहिताना चिडले आहे, हे लपवत नाही. या घाटातून शेकडो वेळा गेले आणि खिडकीतून फक्त धबधबे पाहिले.

पाऊस थांबल्यानंतरची भीती

इगतपुरीला उतरले. पुढची गाडी दोन तासांनी होती आणि आजोबांच्या बरोबर कामाला असलेले एक काका स्टेशनजवळच्या गल्लीत राहतात. ऐंशीच्या घरातले. निम्मी नोकरी घाटात कीमन म्हणून झालेली. त्यांच्याकडे वडा आणि चहा झाला. इगतपुरीच्या फलाटावरचा वडा खाल्ला नाही तर प्रवास पुरा झाला असं वाटत नाही, पण त्यांच्या सूनबाईंनी घरीच तळला होता.

इगतपुरी हे रेल्वेने वसवलेलं गाव. बंगले, चाळी, शेड, चर्च, सगळ्यावर अजून जुन्या कंपनीची छाप आहे. विजेचा प्रकार बदलत असल्यामुळे अनेक वर्षं प्रत्येक गाडीचं इंजिन इथे बदलावं लागे, त्यामुळे गाव चोवीस तास जागं असायचं. आता मुंबईपर्यंत एकच प्रकारची वीज आहे, इंजिन बदलत नाही, फलाट पूर्वीइतका गजबजत नाही. १९७६ पासून गावाला दुसरी ओळख मिळाली ती धम्मगिरी या विपश्यना केंद्रामुळे. दहा दिवस मौन पाळायला जगभरातून माणसं इथे येतात, आणि त्यांना रात्री दुरून ऐकू येतात त्या बँकरच्या शिट्ट्या.

काकांना मी विचारलं, पावसात घाटातली गस्त कशी असायची. त्यांनी आधी पावलं दाखवली. अंगठ्यांची नखं काळी, वाढलेली. "बारा महिने ओल्या बुटात. खडीवर चालायचं, ते पण स्लीपरवर पाऊल टाकून. स्लीपरचं अंतर आपल्या पावलाच्या मापाचं नसतं. माणूस एक तर तोकडा चालतो नाहीतर लांब टाकतो. घरी आलो तरी तसाच चालायचो. तुझी काकी हसायची."

कीमन रोज आपल्या हद्दीतून चालत जातो. रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या का, ते बघतो आणि हातोड्याने ठोकून बसवतो. पावसाळ्यात रात्रीची गस्त वेगळी. हातात बत्ती, लाल-हिरवे झेंडे, खांद्याच्या पिशवीत फटाके. फटाके म्हणजे रुळावर बांधायच्या चपट्या डब्या. चाक वरून गेलं की मोठा बार होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. दरड दिसली की गस्तवाल्याने गाडी येणाऱ्या दिशेला धावत सुटायचं, सहाशे मीटरवर एक फटाका लावायचा आणि बाराशे मीटरवर तीन. अंधारात, पावसात, चढावर, आणि धावताना बत्ती हलवत राहायची. तीन लाईनी आहेत, म्हणजे तिन्हींचा विचार करायचा. आता गस्तवाल्यांकडे जीपीएस असतं, ते कुठे आहेत हे ऑफिसात दिसतं. चालायचं मात्र त्यांनाच आहे.

"पाऊस चालू असताना भीती नाय वाटत," काका म्हणाले. "पाऊस थांबला की वाटते. पावसात काही ऐकूच येत नाय. थांबला, की डोंगर बोलायला लागतो. आधी बारीक खडे येतात, टपटप. ते ऐकू आले की उभं राहायचं. खड्यांच्या मागून थोरला येतो."

हे 'थोरले' पडण्याआधीच पाडायला रेल्वेची 'हिल गँग' असते. पावसाळ्यापूर्वी ही माणसं दोर बांधून कड्यांवर चढतात, पहारीने प्रत्येक दगड ठोकून बघतात. भरीव आवाज आला तर सोडायचा, पोकळ आला तर लाईन बंद ठेवून खाली लोटायचा. दीडशे वर्षांपूर्वी ज्या तऱ्हेने दोरावरून डोंगर फोडला, जवळपास त्याच तऱ्हेने तो आजही सांभाळतात.

निघताना मी आजोबांचा विषय काढला. काका एवढंच म्हणाले, "त्याचा हात बघितला होतास ना?" बघितला होता. उजव्या हाताची करंगळी आखूड होती. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये शिरून जोडणी सोडवणाऱ्या माणसाची ती खूण.

पाणी फिरतं ती जागा

इगतपुरीला बँकर सुटतो आणि गाडीला एकदम हलकं वाटायला लागतं. इथून पुढे पठार. पण नकाशात न दिसणारी एक रेघ आपण मागे टाकलेली असते. घाटात पडलेला पाऊस कोकणात उतरतो आणि शंभर-एक किलोमीटरमध्ये अरबी समुद्राला मिळतो. घाटमाथ्याच्या या बाजूला पडलेला पाऊस दारणेत जातो, दारणेतून गोदावरीत आणि मग सगळा देश आडवा ओलांडून राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरात. गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते, आणि तिचा उगम पश्चिमेच्या समुद्रापासून इतका जवळ, की ब्रह्मगिरीच्या शेजारच्याच डोंगरात जन्मलेली वैतरणा पटकन पश्चिमेला निघून जाते. एकाच ढगातल्या दोन थेंबांचे दोन समुद्र.

उजव्या खिडकीत कळसूबाईची रांग दिसते, ढग बाजूला झाले तर अलंग, मदन, कुलंगही. घोटी येतं. घोटी म्हणजे भात. राइस मिल, पोत्यांच्या थप्प्या, आणि भाद्रपदात पोटरीला आलेली हिरवी खाचरं. पाडळी, अस्वली, लहवित ही स्टेशनं मागे जाता जाता भात कमी होतो, टोमॅटो आणि द्राक्षबागांच्या तारा सुरू होतात. पन्नास किलोमीटरमध्ये पाऊस इतका उतरतो की पीकच बदलतं.

देवळालीजवळ डावीकडे त्रिरश्मीचा डोंगर दिसतो. तिथली लेणी दोन हजार वर्षं जुनी, लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापणं ठेवली आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंची चीवरं द्यायची, असा हिशेब दगडात कोरलेला. त्याच लेण्यात लिहिलंय की तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, वाटसरूंना पार जाता यावं म्हणून. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतला माल थळ घाटानेही वर येई, नाशिकहून पैठणला जाई. रेल्वेने नवी वाट काढली नाही, बैलांच्या आणि गाढवांच्या जुन्या वाटेवर रूळ टाकले.

गंगेवर

नाशिकरोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटर दूर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टेशनपासून गावात घोड्यांची ट्राम जायची. आता बस, रिक्षा आणि भरपूर रहदारी. मामा घ्यायला आला होता.

नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत. "गंगेवर जाऊन येतो" म्हणतात. भाजी आणायला गंगेवर, बुधवारच्या बाजाराला गंगेवर आणि शेवटी अस्थी सोडायलाही गंगेवर. १६९६ साली बांधलेलं रामकुंड, शेजारी अस्थिविलय तीर्थ, पलीकडे पंचवटी. पितृपक्षात इथे पाय ठेवायला जागा नसते. केस उतरवणारे न्हावी, दर्भ आणि काळे तीळ विकणाऱ्या बाया, पत्रावळींचे ढीग, पाण्यात उतरलेली बनियनमधली माणसं. काही जण रडत होते, काही फोनवर दुकानाचा हिशेब विचारत होते, आणि दोन्ही ठीकच वाटत होतं.

पाण्याच्या काठावर दुतोंड्या मारुती उभा आहे. हे नाशिकचं पूरमापक. धरणातून किती पाणी सोडलं, हे रेडिओ सांगतो, पण गावात विचारतात ते असं, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्यापर्यंत आलं की काठावरचे टपरीवाले सामान आवरतात. कमरेपर्यंत आलं की सराफ बाजारातले दुकानदार शटर उघडून माल वर हलवतात. छातीच्या वर गेलं की सगळं गाव पुलावर बघायला जमतं. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर सांगताना मामाचा हात आपोआप स्वतःच्या अंगावर खांद्याजवळ गेला.

जवळच नारोशंकराचं देऊळ, १७४७ सालचं. दारावर टांगलेली प्रचंड घंटा पोर्तुगिजांची, चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या विजयातली. रूळ नव्हते, बँकर नव्हते, तरी एवढं ओझं घाट चढवून कुणीतरी आणलंच. कुणी आणलं, ते इथेही लिहिलेलं नाही. मोठ्या पुरात घंटेला पाणी लागलं, असं जुनी माणसं सांगतात.

काळाराम मंदिराच्या दाराशी आलं की माझी पावलं नेहमी मंदावतात. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो चिकाटीने चालवला. पाच वर्षं माणसं या दारापर्यंत येत राहिली, दगड खात राहिली आणि दार उघडलं नाही. १९३५ साली याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, हे जाहीर केलं. या लेखाचा विषय चढण असेल, तर नाशिकमधली सर्वांत अवघड चढण या देवळाच्या पायऱ्यांची होती.

नदीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रामकुंडाच्या परिसरात नदीच्या तळालाच काँक्रीट घातलं गेलं. आधीच्या एका सिंहस्थाच्या तयारीत, भाविकांची सोय म्हणून. जिवंत झरे त्याखाली गेले. आता पुढचं सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, नव्याने कामं काढली आहेत आणि काठावरची माणसं कोर्टापर्यंत जाऊन सांगताहेत, की नदीला श्वास घेऊ द्या. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. कुंडाला झरा हवा, नुसतं साठवलेलं पाणी नको.

नामावळी

श्राद्ध झालं. मग मामाने गुरुजींना वही काढायला सांगितली. नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळी असतात. लाल कापडात गुंडाळलेल्या, लांबट, शिवलेल्या वह्या. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, की दहा मिनिटांत तुमचे खापरपणजोबा समोर येतात. आमचं पान निघालं. मोडी, मग बाळबोध, मग बॉलपेनची निळी शाई. आजोबांच्या हातची सही होती. करंगळी गेल्यानंतरची असावी, कारण अक्षर उजवीकडे कललेलं. खाली गुरुजींच्या कुणा पूर्वजाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'रेल्वे, इगतपुरी.'

मी विचारलं, "गुरुजी, ज्यांचं नाव माहीत नाही, गोत्र माहीत नाही, नातंही नाही, त्यांच्यासाठी पाणी सोडता येतं का?"

"येतं की. सर्वपित्रीला तेच तर करतात. पण कोण हो, कुणासाठी?"

मी म्हटलं, "घाट बांधला त्यांच्यासाठी. थळ घाट."

गुरुजींनी वही मिटली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती माणसं असतील?"

"माहीत नाही."

"बरं." त्यांनी माझ्या ओंजळीत तीळ घातले. "अंगठ्याच्या बाजूने सोडा, सावकाश. मी म्हणतो."

परतीची तपोवन इगतपुरीला थांबली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. शेजारच्या लाईनीवर मुंबईकडून वर आलेली एक गाडी उभी. केशरी जॅकेट घातलेला पॉइंट्समन तिच्या शेवटच्या डब्यामागे वाकून आत शिरला. हवेच्या नळीचा फुस्स आवाज झाला, तो बाहेर आला, आणि त्याने हात वर केला. बँकर एक फूटभर मागे सरकले. गाडी नाशिककडे निघून गेली. दोन इंजिनं तिथेच उभी राहिली, रिकामी, कसाऱ्याला परत उतरायचा सिग्नल मिळायची वाट बघत.